फेस्ताला घरातील ज्येष्ठांनाही सोबत घ्या

डिसेंबर उजाडला की गोव्याच्या गावागावांत नाताळाची चाहूल लागते. नाताळ २५ डिसेंबरचा खरा. परंतु त्याआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ हा ख्रिस्ती घरांसाठी तयारीचा काळ असतो. दारावर कागदी नक्षत्रे टांगली जातात, गोठ्याच्या देखाव्यासाठी माती आणि गवत गोळा होते, माळ्यावरचे दिवे खाली उतरतात. याच दिवसांत दोन मोठी फेस्ते येतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचे, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सायबाचे’ फेस्त, आणि ८ डिसेंबरला पणजीत अमलोद्भव मातेचे. पणजीच्या फेस्ताआधी, २९ नोव्हेंबरपासून ७ डिसेंबरपर्यंत नऊ दिवस नोव्हेना चालते आणि चर्चच्या परिसरात खाजे, चणे, खेळणी, कपडे यांची दुकाने मांडली जातात. कोकणातील जत्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वातावरण परके वाटणार नाही. खाजे तर दोन्हीकडे तेच.

या दिवसांत माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येतो. मुले आणि सुना विचारतात, “डॉक्टर, आईला गर्दीत न्यावे का?” बहुधा त्यांना माझ्याकडून ‘नको’ हे उत्तर हवे असते, म्हणजे घरात सांगणे सोपे जाते. पलीकडच्या खुर्चीवर बसलेली आई मात्र काहीच बोलत नाही. तिच्या त्या गप्प बसण्याविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे. माझे उत्तर प्रथमच सांगून टाकतो. प्रकृती स्थिर असेल आणि ज्येष्ठांची स्वतःची इच्छा असेल, तर त्यांना अवश्य न्यावे. मात्र त्या दिवसाचे वेळापत्रक त्यांच्या शरीराला विचारून आखावे.

घरी ठेवण्याचीही किंमत असते

“तुम्ही आरामात घरीच थांबा” हे वाक्य प्रेमानेच उच्चारले जाते. परंतु उतारवयात आराम हे औषध नेहमीच नसते. वय वाढते तसे स्नायूंचे बळ मुळातच घटत जाते. वापर थांबला की ते अधिक वेगाने घटते, आणि पायांतील बळ गेले की पडण्याचा धोका वाढतो. म्हणजे पडू नये म्हणून घरी बसवलेली व्यक्तीच पुढे सहज पडते. मनाचेही तसेच आहे. सणाच्या दिवशी घर रिकामे होते, शेजारी बाहेर पडतात आणि ज्येष्ठ व्यक्ती दूरदर्शनसमोर एकटी उरते. भूक मंदावणे, झोप उडणे, बोलणे कमी होणे या तक्रारी घेऊन नातेवाईक जानेवारीत येतात, तेव्हा त्यांची सुरुवात पुष्कळदा अशा रिकाम्या घरात झालेली असते.

एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगतो. आजींचे वय ७८. वीस वर्षांचा मधुमेह, उजवा गुडघा झिजलेला. मुलगा जहाजावर नोकरीला, तो डिसेंबरात रजेवर घरी येतो. वर्षभर त्यांचे सर्व काही सूनच करते. आजींचे यजमान होते तोवर दोघे मिळून दरवर्षी पणजीच्या फेस्ताला जात. ते गेल्यावर तीन वर्षे “पुढच्या वर्षी नेऊ” असे म्हणण्यात गेली होती. चौथ्या वर्षी मुलगा तेच म्हणाला, तेव्हा आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दोतोर, पुढच्या वर्षाचं याला कुणी सांगितलंय?”

मुलगा निरुत्तर झाला. त्याची भीती खोटी नव्हती. गर्दी होती, गुडघा होता, साखर होती. म्हणून आम्ही चौघांनी बसून त्या एका संध्याकाळची आखणी केली. तीच येथे क्रमाने मांडतो. आपल्या गावची जत्रा असो, वसईतील एखाद्या चर्चचा सण असो किंवा नात्यातले लग्न, थोड्या फरकाने ती कुठेही लागू पडेल.

दिवस आणि वेळ निवडा

मुख्य दिवशीच जायला हवे, हा हट्ट आधी सोडावा. ८ डिसेंबरला होते ती गर्दी नोव्हेनाच्या आठवड्यातल्या कामाच्या दिवशी नसते, आणि दुकाने तीच असतात. या कुटुंबाने नोव्हेनातील एक साधा वार निवडला आणि दुपारी चारला तेथे पोहोचायचे ठरवले. गोव्यात डिसेंबरच्या दुपारी पारा तीस अंशांपुढे जातो आणि रात्री विसाच्या आसपास उतरतो. चारनंतर ऊन कलते, गर्दी अजून वाढलेली नसते आणि दिवे लागलेले पाहून साडेसहाला परतता येते. अंगावर सुती कपडे आणि पिशवीत एक पातळ शाल असावी. पहाटेच्या किंवा रात्रीच्या प्रार्थनेला जाणाऱ्या दमेकऱ्यांनी कान आणि छाती झाकावी, श्वासातून घ्यायचे औषध खिशातच ठेवावे आणि धूप व फटाके यांपासून लांब बसावे.

दुसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. कोणत्याही उत्सवाच्या ठिकाणी पोहोचल्यावर सर्वप्रथम बाक आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवावे. पणजीत चर्चच्या चौकालगत महापालिकेचे उद्यान आहे. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याचे नाव त्याला दिलेले आहे. भारतातील औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्या वैद्याच्या नावाच्या बागेतला बाक आमच्या आजींचा मुक्काम ठरला. वीस मिनिटे चालणे, पंधरा मिनिटे बसणे, असा बेत होता.

स्वच्छतागृहाची चिंता वाटते म्हणून पुष्कळ ज्येष्ठ बाहेर जाण्याच्या दिवशी पाणीच पीत नाहीत आणि लघवी वाढवणारी गोळी गुपचूप वगळतात. दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत. पाणी कमी पडले की रक्तदाब उतरतो, चक्कर येते. गोळी चुकली की पायांवर सूज आणि धाप वाढते. अशा गोळीची वेळ त्या एका दिवसापुरती पुढेमागे करता येते का, हे आपल्या डॉक्टरांना दोन दिवस आधी विचारावे. स्वतःच्या मनाने काही करू नये.

पायऱ्या चढताना आणि उतरताना

पणजीच्या या चर्चचे छायाचित्र आपण पाहिले असेल. टेकडीच्या उतारावर पांढरीशुभ्र इमारत आणि तिच्याकडे नागमोडी चढत जाणाऱ्या पायऱ्या. १५४१ मध्ये येथे प्रथम लहान प्रार्थनामंदिर उभे राहिले. आजची वास्तू सतराव्या शतकातील आहे. पायऱ्या पाहायला जितक्या सुंदर, तितक्याच झिजलेल्या गुडघ्याला अवघड. आजींना त्या चढायच्याच होत्या.

ज्यांचा गुडघा दुखतो त्यांनी एक सूत्र ध्यानात ठेवावे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढताना चांगला पाय वरच्या पायरीवर ठेवून शरीर उचलावे, मग दुखरा पाय आणि काठी त्याच पायरीवर आणावी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली, मग चांगला पाय. एका पायरीवर दोन्ही पाय टेकल्याखेरीज पुढची पायरी नाही. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. बहुतेक जण नेमके उलट धरतात. कठडा असेल तर तो सोडू नये.

सोबत करणाऱ्याने ज्येष्ठांचा दंड धरून ओढू नये. आपला हात पुढे करावा आणि त्यांना तो धरू द्यावा. चढताना आपण एक पायरी मागे राहावे, उतरताना एक पायरी खाली. दोन भिंगांचा किंवा चढत्या नंबरांचा चष्मा असेल, तर खाली पाहताना पायरी पुसट दिसते. अशा वेळी थांबून, मान खाली झुकवून, चष्म्याच्या वरच्या भागातून पायरी पाहावी. पायांत मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल हवी. नवे बूट सणाच्या दिवशी प्रथमच घालू नयेत. बराच वेळ बसल्यावर उठताना पावले आधी जमिनीवर टेकवावीत, मिनिटभर तसेच बसावे, मगच उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्याने अंधारी येते.

आजी पहिल्या वळणापर्यंत चढल्या. तेथे कठड्याला धरून उभ्या राहिल्या, हात जोडले आणि स्वतःच म्हणाल्या, “पुरे.” मुलाला वाटले, त्यांना वाईट वाटले असेल. तसे काही नव्हते. आपल्याला कुठवर जायचे ते त्यांनी स्वतः ठरवले होते, एवढेच.

साखर उतरली तर

त्या संध्याकाळी एक प्रसंग घडला, तो मधुमेही घरांनी नीट वाचावा. जायच्या गडबडीत आजी दुपारी दोनच घास जेवल्या होत्या. साखरेची गोळी मात्र सकाळी नेहमीप्रमाणे झालेली. त्यात चालणे झाले. पावणेसहाच्या सुमारास त्या एकाएकी गप्प झाल्या, मग नातवावर उगाच खेकसल्या. सुनेने कपाळाला हात लावला, तर गार वाऱ्यातही घाम. तिने ओळखले. जवळच्या यंत्रावर तपासले, तर साखर ५८.

मधुमेही व्यक्तीची साखर ७० च्या खाली गेली की उपचार करायचा असतो. थरथर, घाम, धडधड, भूक ही त्याची ओळखीची लक्षणे. परंतु ज्येष्ठांमध्ये ही लक्षणे कधीकधी पुसट असतात. केवळ गोंधळणे, चिडणे, अडखळत बोलणे किंवा पेंगणे एवढेच दिसते. रक्तदाबासाठी वा हृदयासाठी काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांत धडधड आणि थरथर झाकली जाते. म्हणून ज्येष्ठ मधुमेही बाहेर असताना ‘विचित्र’ वागले, तर आधी साखर तपासावी. यंत्र नसेल तर साखर उतरली आहे असे धरूनच चालावे.

शेजारच्या दुकानदाराने आपुलकीने खाजे पुढे केले. सुनेने ते घेतले नाही, आणि तिचे बरोबर होते. खाजे तळलेले असते. तेलातुपामुळे त्यातली साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. चॉकलेटचेही तसेच. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायला द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे; अजून कमी असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. साखर सावरली की पोळी, बिस्किटे, दूध असे काही खायला द्यावे, नाहीतर ती पुन्हा उतरते. व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही देऊ नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

पंधरा मिनिटांनी आजींची साखर ९६ झाली. त्यांनी चहा-बिस्किटे घेतली आणि घरी पळण्याची घाई न करता सर्वांनी त्याच बाकावरून चर्चवरचे दिवे लागताना पाहिले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि आम्ही गोळीची मात्रा तपासून कमी केली. काही गोळ्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकतो. त्यामुळे असा प्रसंग एकदा जरी घडला, तरी तो डॉक्टरांच्या कानावर घालणे आवश्यक असते.

ताटातला सण

आता खाण्याविषयी. गुळाचे म्हणून खाजे मधुमेहाला चालते, हा समज सोडून द्यावा, गूळही साखरच. परंतु सरसकट ‘नाही’ म्हणण्यापेक्षा एक तुकडा, तोही जेवणानंतर, आणि त्या जेवणात एक पोळी किंवा तेवढा भात कमी, असा हिशेब अधिक टिकतो. दोदोल, बेबिंक, नेवऱ्या हे एकाच दिवशी सगळे नकोत. नाताळाचे पंधरा दिवस मोकळे आहेत.

कवळी असणाऱ्यांना खाजे कठीण जाते. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्यांना गिळताना ठसका लागत असेल, तर कोरडे खाजे आणि चिकट दोदोल दोन्ही घशात अडकण्याचा धोका असतो. त्यांना ताठ बसवून, लहान घास, बोलणे थांबवून, सावकाश द्यावे. मऊ पदार्थ निवडावा.

मिठाकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून कमी मीठ घ्यावे. चोरिस, खारवलेले मासे, लोणची, पाकिटातले वेफर यांत हे प्रमाण केव्हाच ओलांडले जाते. हृदय अशक्त असलेल्यांनी सणाच्या दिवसांत रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायांवर सूज आली किंवा उशी उंच केल्याशिवाय झोप येईनाशी झाली, तर सण संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना गाठावे. मद्य घेणाऱ्या ज्येष्ठांनी झोपेच्या गोळीबरोबर ते कधीही घेऊ नये. एका बैठकीत अधिक घेतल्याने हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि तोल जाऊन पडणे तर नित्याचेच.

विस्मरण असणाऱ्यांना नेताना

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला ओळखीचे सूर, वास आणि जागा अनेकदा आवडतात. अनोळखी गर्दी आणि गोंगाट मात्र घाबरवतात. त्यांना सकाळी किंवा लवकर दुपारी न्यावे, कारण सांजवेळी अशांची अस्वस्थता बहुधा वाढते. एका व्यक्तीने केवळ त्यांच्यासोबत राहावे; ‘सगळे आहेत ना’ असे म्हटले की कुणाचेच लक्ष नसते. खिशात नाव आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी. निघण्यापूर्वी त्या दिवसाच्या कपड्यांतले त्यांचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. चुकामूक झाल्यास शोधताना ते उपयोगी पडते. ते ‘घरी जाऊ’ म्हणाले की निघावे. अर्धा तास झाला असला तरी तेवढे फेस्त पुरेसे मानावे.

जे बाहेर पडू शकत नाहीत

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी सण घरात आणता येतो. ख्रिस्ती कुटुंबांत आजाऱ्यांसाठी धर्मगुरू घरी येऊन प्रार्थना करतात व प्रसाद देतात. त्यांना वेळेवर कळवावे. गोठ्याच्या देखाव्यात हिरवे शेत दिसावे म्हणून डिसेंबरात तबकात नाचणी किंवा गहू पेरतात, आपल्याकडे नवरात्रात घटाभोवती पेरतात तसे. तो तबक ज्येष्ठांच्या खाटेजवळ ठेवून रोज पाणी शिंपडण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. कुळकुळे काट्याच्या पाठीवर वळण्याचे काम बसल्याजागी होते आणि बोटांनाही व्यायाम मिळतो. वळलेले कुळकुळे वाकडे असले तरी तळावेत. हे काम त्यांना वेळ घालवण्यासाठी दिले आहे, असे वाटू देऊ नये. ते घराला खरोखर हवे असते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

या लेखातील सून वर्षभर एकटी सांभाळते, म्हणूनच तिला घामाचा अर्थ कळला. अशा व्यक्तीला सणाच्या दिवशी सर्वांत जास्त काम आणि सर्वांत कमी सण मिळतो. रजेवर आलेल्या मुलाने किंवा मुलीने या दिवसांत किमान दोन संध्याकाळी संपूर्ण जबाबदारी घ्यावी, गोळ्यांसकट. त्यासाठी गोळ्यांची यादी, वेळा आणि धोक्याच्या खुणा कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावाव्यात. झोप न लागणे, सतत चिडचिड, रडू येणे असे आपल्याला होत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्याजोगे आजारपण आहे. संकोच करू नका.

निघण्यापूर्वी पिशवीत

• दोन वेळच्या गोळ्या आणि औषधांची यादी
• पाणी, साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी, बिस्किटे
• साखर तपासण्याचे यंत्र, श्वासाचे औषध
• चष्मा, श्रवणयंत्राचे जादा सेल, काठी, शाल
• डॉक्टरांचा आणि एका नातेवाईकाचा दूरध्वनी क्रमांक

छातीत दडपण येऊन ते हातात किंवा जबड्यात पसरणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका हातातले बळ जाणे, जीभ जड होणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न करता १०८ ला फोन करावा. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ‘घरी जाऊन पाहू’ म्हणण्यात ते तास निघून जातात.

शेवटी एक विनंती. आपल्या घरात ज्येष्ठ व्यक्ती असेल, तर आज जेवताना तिला विचारा, “या वर्षी तुम्हांला कुठे जावेसे वाटते?” उत्तर लगेच येणार नाही. कदाचित ‘कुठे नाही’ असेच येईल, कारण आपली अडचण होऊ नये, ही त्यांची जुनी सवय असते. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. मग वेळ, वाट आणि बाक ठरवू. गोळ्यांचे आम्ही डॉक्टर मंडळी पाहून घेऊ.